एकतीस महिने कोठून मोजायचे? बदललेल्या पेटंट नियमांनुसार अर्ज आणि मुदतींची पायरीवार पद्धत

पेटंट नियमांतील मोठा बदल १५ मार्च २०२४ रोजी लागू झाला, तरी भोसरी-चाकणच्या कारखानदारांपासून अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापकांपर्यंत अनेकांच्या डायऱ्यांत आजही जुन्याच मुदती लिहिलेल्या आढळतात. परीक्षणाची विनंती करायला चार वर्षे असतात, फॉर्म २७ (पेटंटच्या वापराची माहिती) दरवर्षी भरावा लागतो, फॉर्म ३ (परदेशी अर्जांची माहिती) परदेशी अर्जानंतर सहा महिन्यांत द्यायचा असतो, ही तिन्ही विधाने नव्या अर्जांपुरती चुकीची आहेत, आणि त्यांतील पहिल्या चुकीने तर अर्ज कायमचा हातातून जाऊ शकतो. म्हणून हा लेख अर्जाच्या क्रमानेच लिहिला आहे. प्रत्येक टप्प्यावर काय तयार ठेवायचे, कोणती तारीख कोठून मोजायची आणि लोक नेमके कोठे चुकतात, एवढ्यावरच त्याचा भर आहे.

सुरुवातीलाच एक भेद ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. काही मुदती पेटंट कायदा १९७० मध्येच लिहिलेल्या आहेत, तर काही पेटंट नियम २००३ मध्ये. नियमांतील मुदत चुकली तर पैसे भरून ती वाढवून घेण्याची सोय काही प्रमाणात आहे. कायद्यातील मुदतीला ती सोय लागू होत नाही. आपली तारीख यांपैकी कोणत्या पुस्तकातील आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

टप्पा १: आपल्या अर्जाला ४८ महिने लागू की ३१, हे आधी ठरवा

परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८, भरण्याची मुदत पूर्वी ४८ महिने होती. १५ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या अर्जांसाठी ती ३१ महिने झाली. त्यापूर्वी दाखल झालेल्या अर्जांना ४८ महिन्यांचीच मुदत राहते.

येथे निर्णायक ठरते ती भारतात अर्ज दाखल झाल्याची तारीख. समजा, एखाद्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशात पहिला अर्ज केला आणि त्याचा अग्रक्रम, म्हणजे प्रायॉरिटी (पहिल्या अर्जाच्या तारखेचा हक्क), घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात अर्ज केला, तर त्याला ३१ महिनेच मिळतात, आणि तेही ऑक्टोबर २०२३ पासून. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतात प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशनसह, म्हणजे शोधाच्या तात्पुरत्या वर्णनासह, अर्ज केला आणि पूर्ण स्पेसिफिकेशन नंतर जोडले, तर अर्ज क्रमांक तोच राहत असल्याने त्याला ४८ महिने लागू होतात.

तपासणी: अर्जाची पावती काढा, त्यावरील दाखल तारीख पाहा आणि फाइलच्या पहिल्या पानावर «३१» किंवा «४८» असा आकडा ठळक लिहून ठेवा. एकाच संस्थेत दोन्ही प्रकारचे अर्ज चालू असतील, तर त्यांच्या फाइल वेगळ्या रंगाच्या ठेवलेल्या बऱ्या. एकापेक्षा अधिक प्रोव्हिजनल अर्ज एकत्र करून एकच पूर्ण स्पेसिफिकेशन दिले असेल आणि त्यांच्या तारखा १५ मार्चच्या अलीकडे-पलीकडे असतील, तर वाद घालत न बसता ३१ महिने धरून चालावे.

टप्पा २: अर्जापूर्वीची तयारी

पहिला प्रश्न अर्जदार कोण, हा. शोधक ही नेहमी व्यक्ती असते, अर्जदार मात्र व्यक्ती, कंपनी किंवा संस्था असू शकते. या एका निवडीवर पुढच्या सगळ्या शुल्कांचा दर ठरतो. व्यक्ती, उद्योग विभागाची मान्यता असलेले स्टार्टअप, लघुउद्योग आणि मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था यांना इतरांच्या तुलनेत पाचवा हिस्सा शुल्क पडते. ऑनलाइन अर्जाला त्यांना १६०० रुपये आणि मोठ्या कंपनीला ८००० रुपये, परीक्षणाच्या विनंतीला अनुक्रमे ४००० आणि २०,००० रुपये. तीस पानांहून अधिक प्रत्येक पानाला १६० किंवा ८०० रुपये, आणि दहाहून अधिक प्रत्येक क्लेमला (शोधावरील हक्क सांगणाऱ्या विधानाला) ३२० किंवा १६०० रुपये जादा लागतात.

सवलतीच्या गटातील स्टार्टअप, लघुउद्योग किंवा शैक्षणिक संस्था असाल, तर फॉर्म २८ आणि त्यासोबत उद्यम नोंदणी किंवा स्टार्टअप मान्यतेचे प्रमाणपत्र असा पुरावा लागतो. महाविद्यालय आणि खासगी मोठी कंपनी यांनी मिळून अर्ज केला, तर संपूर्ण अर्जाला मोठ्या कंपनीचा दर लागतो. आधी व्यक्तीच्या नावाने स्वस्तात अर्ज करून पुढे तो कंपनीच्या नावावर केला, तरी फरकाची रक्कम भरावीच लागते, त्यामुळे ही युक्ती कोणी सुचवली तर तिच्या मागे लागू नये.

दुसरा प्रश्न असा की, शोध आधीच कोठे उघड झाला आहे का? मोशीच्या प्रदर्शनात स्टॉल लावून यंत्र चालवून दाखवले, परिषदेत निबंध वाचला, कंपनीच्या पानावर चित्रफीत टाकली, ग्राहकाला गोपनीयतेच्या कराराविना नमुना दिला, यांपैकी प्रत्येक गोष्ट अर्जाच्या आधी घडली असेल तर ती आपल्याच विरोधात पुरावा ठरू शकते.

नव्या नियमांत कलम ३१ खालील बारा महिन्यांच्या सवलतीसाठी फॉर्म ३१ आला. त्यामुळे «एक वर्षाची सूट मिळाली» असा समज सर्वत्र पसरला आहे, तो मात्र खरा नाही. सवलत कलमात आधीपासूनच होती. नवीन आहे तो फक्त ती मागण्याचा नमुना. प्रदर्शनाच्या बाबतीत ती मिळते ती केंद्र सरकारने त्या प्रदर्शनाला राजपत्राद्वारे हे कलम लागू केलेले असेल तरच. निबंधाच्या बाबतीत तो विद्वत्सभेपुढे वाचलेला किंवा अशा सभेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेला असावा लागतो. स्टॉलचे भाडे भरल्याची पावती किंवा व्यापारी प्रकाशकाच्या नियतकालिकात छापून आलेला लेख यांना ही सवलत आपोआप मिळत नाही.

इशारा: आधी अर्ज, मग प्रदर्शन. प्रदर्शन परवाचे असेल आणि पूर्ण मसुदा तयार नसेल, तर निदान प्रोव्हिजनल अर्ज करूनच स्टॉल उघडावा.

तिसरी तयारी कागदांची. सर्व शोधकांची पूर्ण नावे व पत्ते, त्यांनी अर्जदाराला हक्क दिल्याचा लेख, एजंटाला दिलेले अधिकारपत्र योग्य मुद्रांकावर, आणि अर्ज स्वतः ऑनलाइन करणार असाल तर डिजिटल स्वाक्षरी. पुण्याचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे पोर्टलवर कार्यालय निवडताना मुंबईच निवडायचे. मात्र परीक्षण देशातील कोणत्याही कार्यालयातील परीक्षकाकडे जाऊ शकते, म्हणून चेन्नईहून पत्र आले तर दचकू नये.

शोधकांच्या यादीत दोन प्रकारच्या चुका होतात. काम केलेल्या विद्यार्थ्याचे नाव गाळले जाते आणि काम न केलेल्या वरिष्ठाचे नाव घातले जाते. नव्या नियमांत चालू असलेल्या पेटंटमधील शोधकाला फॉर्म ८क द्वारे शोधकत्वाचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाल्यापासून या यादीला आणखी वजन आले आहे, तेव्हा ती पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे ठरवावी.

टप्पा ३: पहिला अर्ज, आणि त्याच दिवशी तारखांचे वेळापत्रक

पोर्टलवर फॉर्म १ (अर्ज) आणि फॉर्म २ (स्पेसिफिकेशन) भरून, शुल्क जमा करून पावती मिळाली की बहुतेक लोक सुटकेचा श्वास सोडतात. तसे न करता त्याच बैठकीत वेळापत्रक करावे, कारण जवळजवळ सर्व मुदती या पहिल्या तारखेपासून धावू लागलेल्या असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोसरीतील एका लघुउद्योजकाने १२ जून २०२४ रोजी प्रोव्हिजनल अर्ज केला. त्याच्या वहीत पुढील तारखा असायला हव्यात.

१. अधिकारपत्र, फॉर्म २६: तीन महिने, म्हणजे १२ सप्टेंबर २०२४.
२. शोधकांकडून हक्क मिळाल्याचा पुरावा आणि पहिला फॉर्म ३: सहा महिने, म्हणजे १२ डिसेंबर २०२४.
३. पूर्ण स्पेसिफिकेशन आणि परदेशात अग्रक्रमासह अर्ज: बारा महिने, म्हणजे १२ जून २०२५.
४. प्रकाशनासाठीचे अठरा महिने: १२ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण.
५. परीक्षणाची विनंती, फॉर्म १८: एकतीस महिने, म्हणजे १२ जानेवारी २०२७.

शेवटचा दिवस कार्यालयाच्या सुट्टीचा असेल, तर पुढचा कामाचा दिवस मिळतो. तरीही आपल्या वहीत प्रत्यक्ष तारखेच्या महिनाभर आधीची तारीख लिहावी, कारण शेवटच्या संध्याकाळी पोर्टल, बँक आणि डिजिटल स्वाक्षरी या तिघांचे एकाच वेळी जमेल याची शाश्वती नसते.

टप्पा ४: बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन

ही मुदत कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. नियम १३८ खाली मागता येणारी मुदतवाढ «या नियमांखालील» मुदतींसाठी आहे, त्यामुळे बारा महिने उलटले की अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. प्रोव्हिजनल दाखल करून उत्पादनाच्या मागे लागलेले उद्योजक येथेच सर्वाधिक गळतात. नऊ महिन्यांनी मसुदा लिहायला घ्यावा, अकराव्या महिन्यात तो हातात असावा.

अर्जाची तारीख सहा महिन्यांपर्यंत पुढे सरकवून घेण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे आणि काही जण तिचा आधार शोधतात. पण तारीख पुढे गेली म्हणजे अग्रक्रमही पुढे गेला. मधल्या काळात आपण स्वतः किंवा दुसऱ्या कोणी काही प्रसिद्ध केले असेल, तर ते आता अर्जाच्या आधीचे ठरते. प्रदर्शनाच्या भीतीने घाईने प्रोव्हिजनल केलेल्या माणसाला हा मार्ग बहुधा परवडत नाही.

पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये प्रोव्हिजनलमध्ये नसलेला भाग घातला, तर त्या भागाला पहिली तारीख मिळत नाही. म्हणून प्रोव्हिजनल अर्ज म्हणजे दोन पानांची टिपणी नव्हे; हाती असलेल्या आकृत्या, मापे, पर्यायी रचना आणि चाचण्यांचे निकाल त्यात घालावेत. नव्या नियमांनी याला आणखी एक कारण दिले आहे. एकाच अर्जात एकाहून अधिक शोध असतील, तर त्यातून वेगळा काढलेला विभागीय अर्ज आता प्रोव्हिजनलमध्ये उघड केलेल्या शोधासाठीही करता येतो. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलेच नाही, ते मात्र नंतर वेगळे काढता येत नाही.

तपासणी: सारांश १५० शब्दांच्या आत आहे का, प्रत्येक क्लेममधील प्रत्येक भाग वर्णनात आणि आकृतीत सापडतो का, शोधकांच्या घोषणेचा फॉर्म ५ जोडला आहे का?

टप्पा ५: परीक्षणाची विनंती

हा टप्पा सविस्तर लिहितो, कारण बदललेल्या नियमांचा खरा फटका येथे बसतो.

पेटंट कार्यालय आपणहून अर्ज तपासायला घेत नाही. फॉर्म १८ भरून विनंती केली तरच अर्ज रांगेत लागतो, आणि मुदतीत ती केली नाही तर अर्ज मागे घेतल्याचे कायदाच मानतो. एकतीस महिने मोजायचे ते अग्रक्रमाच्या तारखेपासून किंवा अर्जाच्या तारखेपासून, यांपैकी जी आधीची असेल तिच्यापासून.

वरच्या उदाहरणातील उद्योजकाची योग्य तारीख १२ जानेवारी २०२७ ही आहे. पूर्ण स्पेसिफिकेशनपासून ३१ महिने मोजले, तर तो १२ जानेवारी २०२८ लिहून बसेल. जुना ४८ महिन्यांचा हिशेब डोक्यात असेल तर १२ जून २०२८ लिहील. दोन्ही वेळा तो निश्चिंत असेल आणि दोन्ही वेळा अर्ज संपलेला असेल.

दुसरी चूक शैक्षणिक संस्थांत अधिक दिसते. फॉर्म ९ भरून लवकर प्रकाशनाची विनंती केली की अर्ज एरवीच्या अठरा महिन्यांऐवजी साधारण महिनाभरात, शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये येतो. व्हॉट्सअॅपवर «पेटंट पब्लिश झाले» म्हणून अभिनंदनाचे संदेश फिरतात, मूल्यांकनाच्या फाइलमध्ये त्या पानाची प्रत लागते आणि फॉर्म १८ कोणाच्याच लक्षात राहत नाही. प्रकाशन म्हणजे मंजुरी नव्हे. त्यात अर्जाच्या गुणवत्तेबद्दल कार्यालयाने काहीही म्हटलेले नसते. उलट शोध आता जगासमोर आलेला असतो. त्यामुळे ३१ महिने चुकले तर तोच शोध पुन्हा नव्याने अर्ज करून वाचवता येत नाही, कारण आपलेच प्रकाशन आडवे येते. केवळ गुणांसाठी फॉर्म ९ भरण्याची पद्धत मला स्वतःला घातक वाटते. ज्याला लवकर परीक्षण हवे आहे, त्याच्यासाठी मात्र तो फॉर्म उपयोगाचाच आहे.

लवकर परीक्षणासाठी फॉर्म १८क असतो. स्टार्टअप, लघुउद्योग, शासकीय विभाग आणि शासनाच्या नियंत्रणाखालील संस्था, आंतरराष्ट्रीय अर्जात भारतीय कार्यालय निवडलेले अर्जदार, तसेच सर्व अर्जदार व्यक्ती असून त्यांपैकी किमान एक स्त्री असलेले अर्ज त्यास पात्र आहेत. एकटा पुरुष अर्जदार केवळ व्यक्ती म्हणून पात्र होत नाही, आणि खासगी महाविद्यालय केवळ शैक्षणिक संस्था म्हणून पात्र होत नाही, हे दोन गैरसमज दूर ठेवावेत. सवलतीच्या गटाला ८००० आणि इतरांना ६०,००० रुपये लागतात. अर्ज अजून प्रकाशित झाला नसेल तर सोबत फॉर्म ९ द्यावा लागतो. साधा फॉर्म १८ आधीच भरला असेल, तर फरकाची रक्कम भरून त्याचे रूपांतर करता येते.

आंतरराष्ट्रीय म्हणजे पीसीटी (पेटंट सहकार्य करार) मार्गाने भारतात येणाऱ्या अर्जांना येथे प्रवेश करण्याची मुदतही ३१ महिनेच आहे. म्हणजे परदेशी भागीदाराच्या वतीने पुण्यातून काम पाहणाऱ्यांनी प्रवेश आणि परीक्षणाची विनंती एकाच दिवशी करावी. पूर्वी या दोहोंमध्ये सतरा महिन्यांचे अंतर असे, ते आता उरलेले नाही. विभागीय अर्जाला मूळ अर्जाच्या अग्रक्रमापासून ३१ महिने किंवा विभागीय अर्ज दाखल केल्यापासून सहा महिने, यांपैकी नंतरची तारीख मिळते.

पैशांची ओढाताण असणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. विनंती करून ठेवल्यावर आणि पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे कार्यालयाचे आक्षेपांचे पत्र, निघण्याआधी अर्ज मागे घेतला, तर या शुल्काचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग परत मागता येतो. त्यामुळे «अजून नक्की नाही» या कारणासाठी विनंती लांबवण्यात फारसा अर्थ नाही.

तपासणी: फॉर्म १८ची पावती वेगळी जपून ठेवा आणि पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहून विनंतीची नोंद दिसते का, हे आठवड्याभरात पडताळा.

टप्पा ६: परदेशातील अर्ज आणि फॉर्म ३

भारतात राहणाऱ्या व्यक्तीने केलेल्या शोधाचा अर्ज परदेशात करायचा, तर दोन मार्ग आहेत. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे, किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची. हिंजवडीतील ज्या कंपन्यांची मूळ कंपनी अमेरिकेत आहे, तेथे पुण्यात बसलेल्या अभियंत्यांचा शोध परस्पर तिकडे दाखल होण्याचा धोका कायम असतो. शोधकाचे वास्तव्य कोठे आहे, हे येथे पाहिले जाते. कंपनीचे मुख्यालय कोठे आहे, हे नव्हे. हा भंग नंतर पैसे भरून दुरुस्त होत नाही. भारतातील अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते आणि शिक्षेचीही तरतूद आहे.

फॉर्म ३ मध्ये त्याच शोधासाठी परदेशात केलेल्या अर्जांची माहिती द्यायची असते. पहिला फॉर्म अर्जापासून सहा महिन्यांत द्यावयाचा, हे पूर्वीसारखेच आहे. त्यानंतर मात्र प्रत्येक परदेशी अर्जागणिक नवा फॉर्म देत राहण्याऐवजी, पहिला परीक्षण (आक्षेप) अहवाल निघाल्यापासून तीन महिन्यांत एक अद्ययावत फॉर्म द्यायचा आहे. परदेशातील परीक्षणाची माहिती कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारा पेटंट कार्यालयाचा अधिकारी, स्वतः उपलब्ध डेटाबेसमधून पाहू शकतो. कारणे लेखी नोंदवून त्याने नवा फॉर्म मागितला, तर तो दोन महिन्यांत द्यावा लागतो.

इशारा: आक्षेप अहवालाला उत्तर देण्यास सहा महिने आणि फॉर्म ३ साठी तीन महिने, अशा दोन मुदती एकाच पत्रापासून सुरू होतात. उत्तरासोबत फॉर्म ३ देऊ, असे म्हणून थांबणारे हमखास चुकतात.

टप्पा ७: पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर

या अहवालाला सर्व जण एफईआर म्हणतात. तो निघाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते. आपण तो कधी उघडून वाचला, याला महत्त्व नाही. अर्ज करताना दिलेला ईमेल जुन्या कर्मचाऱ्याचा असेल किंवा पत्र स्पॅममध्ये पडले असेल, तरी घड्याळ चालूच असते. म्हणून विनंती केल्यावर दर पंधरा दिवसांनी पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहावी.

उत्तराचा क्रम असा ठेवावा. आधी परीक्षकाने दाखवलेले प्रत्येक पूर्वप्रकाशन प्रत्यक्ष वाचावे. मग आपल्या मुख्य क्लेममधील कोणता भाग त्यांत नाही, ते एका ओळीत लिहून पाहावे; ती ओळ लिहिता आली नाही, तर क्लेममध्ये दुरुस्ती लागणार हे समजावे. दुरुस्ती मूळ वर्णनात असलेल्या मजकुरापुरतीच करता येते. त्यानंतर तांत्रिक आक्षेप, मग स्वाक्षऱ्या, अधिकारपत्र वगैरे औपचारिक आक्षेप. किरकोळ वाटणारा एखादा औपचारिक आक्षेप अनुत्तरित राहिल्यामुळेही प्रकरण सुनावणीला जाते.

सहा महिने पुरणार नसतील, तर फॉर्म ४ भरून तीन महिने वाढवून मिळतात. मात्र त्यासाठीचा अर्ज सहा महिने संपण्यापूर्वी करायचा.

अर्ज प्रकाशित झाल्यापासून मंजुरीपर्यंत कोणीही त्याला विरोध नोंदवू शकतो. नव्या नियमांनुसार तो विरोध दखल घेण्याजोगा आहे का, हे कंट्रोलर आधी तपासतो. दखल घेतली गेली, तर अर्जदाराला उत्तरासाठी तीनऐवजी दोनच महिने मिळतात.

टप्पा ८: सुनावणी

सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने होते, त्यामुळे अँटॉप हिलच्या मुंबई कार्यालयापर्यंतचा प्रवास वाचतो. तारीख बदलून हवी असेल, तर किमान तीन दिवस आधी अर्ज करावा. अशी संधी दोनदाच, आणि प्रत्येक वेळी तीस दिवसांपर्यंत मिळते. सुनावणीनंतर लेखी म्हणणे पंधरा दिवसांत द्यायचे असते. तोंडी सगळे पटवून दिले, या समाधानात हे पंधरा दिवस घालवू नयेत.

टप्पा ९: मंजुरीनंतरची दोन कामे

नूतनीकरणाची वर्षे मंजुरीच्या तारखेपासून मोजली जात नाहीत. ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. आपल्या उदाहरणातील पेटंट सप्टेंबर २०२७ मध्ये मंजूर झाले, तर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे शुल्क तोवर साचलेले असेल आणि ते मंजुरीची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावे लागेल. सवलतीच्या गटाला तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८०० रुपये आणि मोठ्या कंपनीला ४००० रुपये लागतात. पुढे दर वाढत जातात. किमान चार वर्षांचे शुल्क एकदम ऑनलाइन आगाऊ भरले, तर नव्या नियमांनुसार दहा टक्के सूट मिळते. रक्कम छोटी असली, तरी चार वर्षे तारीख विसरण्याचा धोका टळतो, हा मला त्यातील मोठा फायदा वाटतो.

फॉर्म २७ मध्ये पेटंटचा भारतात व्यापारी वापर झाला की नाही, हे सांगायचे असते. पूर्वी तो दरवर्षी लागत असे. आता तीन आर्थिक वर्षांसाठी एकदा लागतो. मोजणी मंजुरीच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षापासून होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटचा पहिला गट २०२६-२७ ते २०२८-२९ असा असेल आणि फॉर्म ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत भरावा लागेल. वापर झालेला नसला, तरी फॉर्म भरावाच लागतो. तुरुंगवासाची भीती जनविश्वास कायद्याने घालवली असली, तरी माहिती न देणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि कसूर चालू राहिल्यास रोज एक हजार रुपये अशी तरतूद आहे.

टप्पा १०: तारीख चुकलीच तर

सुधारित नियम १३८ नुसार नियमांखालील मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढवण्याचा किंवा उशीर माफ करण्याचा अधिकार कंट्रोलरला आहे. त्यासाठी फॉर्म ४ लागतो आणि त्या सहा महिन्यांच्या आत तो कितीही वेळा देता येतो. शुल्क दरमहा सवलतीच्या गटाला १०,००० आणि इतरांना ५०,००० रुपये आहे. म्हणजे ४००० रुपयांच्या फॉर्म १८ ला दोन महिने उशीर झाला, तर त्या लघुउद्योजकाला २०,००० रुपये अधिक मोजावे लागतील, आणि तेही कंट्रोलरने मान्य केले तर.

चूक लक्षात आल्यावर कामांचा क्रम असा असावा. प्रथम ती मुदत कायद्यातील आहे की नियमांतील, हे पाहावे. नियमांतील असल्यास उशिराचे कारण शोधत न बसता त्याच दिवशी राहिलेला फॉर्म आणि फॉर्म ४ सोबतच दाखल करावेत, कारण प्रत्येक नवा महिना सुरू झाला की शुल्कही वाढते. कारणांचे पत्र, ईमेलच्या प्रती, आजारपणाचे किंवा बँकेचे कागद मागोमाग जोडता येतात. मुदत कायद्यातील असेल आणि अर्ज अजून प्रकाशित झालेला नसेल, शोधही कोठे उघड झालेला नसेल, तर नव्या तारखेचा नवा अर्ज हा मार्ग उघडा असतो. त्यासाठी मसुदा हाताशी असल्यास दोन दिवसही पुरतात. नूतनीकरणाचे शुल्क न भरल्याने पेटंट बंद पडले असेल, तर ते बंद पडल्यापासून अठरा महिन्यांत फॉर्म १५ द्वारे पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो, आणि त्यात शुल्क राहून जाणे हेतुपुरस्सर नव्हते, हे दाखवावे लागते.